काळ्या पट्टीमागची मुलगी

आमच्याकडे मुलीचं स्थळ सुचवताना ‘गोरी आहे’ हे आधी सांगतात, शिक्षण मागून. माझ्या बाबतीत ते सांगायची वेळ आली नाही. मी इतकी गोरी आहे की बघणारा दचकतो. केस जन्मापासून कोवळ्या कणसाच्या केसांसारखे, पापण्या पांढऱ्या, भुवया असून नसल्यासारख्या. डोळे एका जागी ठरत नाहीत, सारखे डावीउजवीकडे हलतात. लहानपणी गावात, राजुरीत, पोरं मला ‘इंग्रजीण’ म्हणत. मोठी माणसं ‘कोड फुटलंय’ म्हणत आणि आपल्या मुलांना माझ्या शेजारी जेवायला बसू देत नसत. कोड नव्हतं ते. कातडीला, केसांना, डोळ्यांना रंग देणारं द्रव्य माझं शरीर बनवत नाही, एवढंच. डॉक्टर त्याला अल्बिनिझम म्हणतात. आई ही माझ्या वडिलांच्या मामाची मुलगी. अशी लग्नं आमच्याकडे रीतीनंच होत. दोघांकडे त्या जनुकाची एकेक अधू प्रत होती. दोन्ही माझ्या वाट्याला आल्या. थोरला भाऊ सुटला. तो सावळा, धट्टाकट्टा.

उन्हात माझी कातडी भाजते. लांबचं दिसत नाही. एस.टी.ची पाटी मला वाचता येत नाही आणि समोरून येणारं माणूस मी आवाजावरून ओळखते. संध्याकाळचा उजेड तेवढा सोसतो, पण आमच्या भागात सांज झाली की उसातून बिबट्या निघतो, म्हणून घरचे तेव्हाही बाहेर सोडत नसत. दिवसा ऊन आणि सांजेला बिबट्या, अशात मी वाढले आणि बी.ए. झाले. लग्नाची बोलणी एकदाच टोकाला गेली. मुलाच्या मामानं ओट्यावर बसून, मला ऐकू जाईल अशा बेतानं विचारलं, “पोरं बी अशीच निघाली तर?” मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले, त्यांच्यापुढं ठेवला आणि म्हणाले, “निघाली तर तुमच्याकडं पाठवणार नाही.” बोलणी तिथंच मोडली. पुन्हा मी कोणाला दाखवून घेतलं नाही.

गेली बरीच वर्षं मी गावाबाहेर रोपवाटिका चालवते. टोमॅटो, मिरची, फ्लॉवर, झेंडू. वर हिरवं शेडनेट, त्याखाली ऊन निम्मं होतं, आणि रोपांचं काम सगळं हाताशी, डोळ्यांजवळ. माझ्यासारखीला याहून सोयीचा धंदा नाही. बियाणं बहुतेक संकरित. ज्या टोमॅटोवर व्हायरस टिकत नाही तो टोमॅटो मी हौसेनं विकते. जनुकात फेरफार केलेलं भाताचं वाण येतंय म्हणतात. आलं आणि चांगलं निघालं तर त्याचीही रोपं करीन. हे आधीच सांगून ठेवते. पुढचं वाचून कोणी मला विज्ञानावर उठलेली बाई समजू नये.

भावाचा मुलगा माझ्याच हाताखाली वाढला. शाळेतून सुटला की दप्तर टाकून नर्सरीत यायचा, ट्रेमध्ये बी टोचायला बसायचा आणि एका बियातून एकच रोप का येतं, असले प्रश्न विचारून माझं डोकं खायचा. तो पुढं पुण्याला शिकला, परदेशात गेला, परत आला, आणि आता एका संशोधन संस्थेत जनुक संपादनावर काम करतो. जनुक संपादन म्हणजे पेशीत शिरून नेमक्या जागी जनुक कापायचं आणि हवं तसं बदलायचं. भाऊ गावात कोणी विचारलं की सांगतो, “लई मोठं काम हाये त्याचं. मला कळत न्हाई, पन लई मोठं हाये.”

एका उन्हाळ्यात भाच्याचा फोन आला. कळंबजवळच्या एका कॉलेजात त्याचं व्याख्यान होतं. “आत्या, तू आलंच पाहिजे. मी तुझ्याविषयीच बोलणार आहे.” मला काय, आनंदच झाला. मी निळी इरकल नेसले, टोपी घातली, काळा चष्मा लावला आणि भावाबरोबर गेले.

सभागृहात विद्यार्थी होते, आसपासचे शेतकरी होते, कारण पिकांविषयीही बोलणार असं जाहीर झालं होतं, आणि मागच्या बाजूला काही बाया होत्या. आम्हाला पुढच्या रांगेत बसवलं. भाचा छान बोलला. त्याच्या बोलण्यात लहानपणापासून एक घाई आहे, सांगायचं फार आणि वेळ कमी अशी. ती त्या दिवशीही होती. आधी भात आणि टोमॅटो झाले. मग म्हणाला, “आता माणसाकडे येऊ. छापलेल्या पुस्तकात एखादं अक्षर चुकावं, तशी काही माणसांच्या जनुकात चूक असते. आतापर्यंत आपण ती चूक घेऊन जगत होतो. आता ती दुरुस्त करता येईल.” टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

पुढच्या पडद्यावर काहीतरी चित्र आलं. मागून पोरांचा ‘आई गं’ असा दबका आवाज आला. मला पडद्यावर नुसते रंगाचे डाग दिसत होते. अशा वेळी मी मोबाईलनं फोटो काढते आणि बोटांनी मोठा करून नाकाजवळ धरून बघते. तसा बघितला.

ठिपक्यांचा फ्रॉक होता. दोन वेण्या, त्यांना रिबिनी. हातात कसलंसं बक्षीस. आणि डोळ्यांवर, या कानापासून त्या कानापर्यंत, जाड काळी पट्टी.

तो फ्रॉक आईनं शिवलेला होता. तो फोटो भावाच्या घरी बाहेरच्या खोलीत लावलेला आहे. पाठांतराच्या स्पर्धेत मी पहिली आले होते तेव्हाचा. मला फळा दिसायचा नाही, म्हणून गुरुजी बोलतील ते सगळं मी ऐकूनच पाठ करायची. त्या दिवशी सगळ्या शाळेसमोर उभी राहून, कुठंही न अडखळता म्हणून दाखवलं होतं.

भाचा सांगत होता, “हा आजार जन्मजात असतो. या मुलांना दिसत नाही, ती उन्हात जाऊ शकत नाहीत, समाजात मिसळू शकत नाहीत...”

मी उभी राहिले. भावानं माझा पदर ओढला. “बस खाली,” म्हणाला.

“सर,” मी म्हणाले, “एक प्रश्न आहे.”

आयोजकांपैकी कोणीतरी म्हणालं, “मॅडम, प्रश्नोत्तरं शेवटी घेऊ.”

“एवढा एकच. या मुलीच्या डोळ्यांवर पट्टी कशासाठी लावली?”

भाचा गोंधळला. “तशी पद्धत असते. पेशंटची ओळख पटू नये म्हणून.”

“पेशंटला विचारलं होतं का?”

त्यानं पडद्याकडं वळून पाहिलं. मी पायऱ्या चाचपत स्टेजवर चढले आणि पडद्यासमोर उभी राहिले. प्रोजेक्टरचा झोत थेट माझ्या डोळ्यांत आला. मला पुढं नुसता पांढरा धूर दिसत होता. तरी मी टोपी काढली, चष्मा काढला. केस सगळ्यांना दिसू दिले.

“ती मुलगी मी,” मी म्हणाले. “हे डॉक्टर माझे भाचे आहेत, हुशार आहेत, त्यांचं काम मोठं आहे. पण मी त्या दिवशी आजारी नव्हते. बक्षीस घ्यायला उभी होते. समाजात मिसळतही होते, समाजच बाजूला सरकत होता. मी चूक नाही. ती पट्टी काढा.”

पट्टी त्याला तिथल्या तिथं काढता येईना. लॅपटॉपवर दोनचारदा काहीतरी दाबलं, मग त्यानं ते चित्रच पुढं सरकवलं. पुढच्या चित्रात उंदीर होते, असं मला नंतर भावानं सांगितलं. मी खाली येऊन जागेवर बसले. शेवटपर्यंत तिथून हलले नाही. उठून जायला मी काही पळपुटी नव्हते.

चहाच्या वेळी लोक माझ्यापासून हातभर अंतर ठेवून बोलत होते. त्यात एक तरुण बाई सरळ माझ्यापाशी आली. वर डोंगरात, तळेघरच्या पुढच्या एका वाडीची. तिच्या कडेवर चारपाच वर्षांची मुलगी, डोक्यावरून पदर घेऊन झाकलेली. बाईनं पदर सारला. तेच केस. तेच हलणारे डोळे. माझ्यासारखं दुसरं माणूस इतक्या जवळून मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. मुलीनं माझ्याकडं टक लावून पाहिलं आणि हात लांब करून माझी वेणी धरली.

“आमच्या आशाताईनं सांगितलं, या कारेक्रमात हिच्यावर औषध सांगनार हायेत,” बाई म्हणाली. “म्हनून पहाटंच निगालो. ताई, तुमाला दिसतं का?”

“जवळचं दिसतं. लांबचं नाही.”

“वाचता येतं?”

“येतं. पुस्तक नाकाला लावून. पण येतं.”

“मग हिला शाळंत घालू का नको? लोकं म्हनत्यात, कशाला, औषध यील तवा बगू.”

भाचा बाजूला उभा होता. तिनं त्यालाच विचारलं, “औषध कवा यील?”

त्याचा एक गुण मला मान्य केला पाहिजे. त्यानं तिला खोटं सांगितलं नाही. म्हणाला, “ताई, आत्ता आम्ही फक्त काचेच्या बशीतल्या पेशींवर आणि उंदरांवर काम करतोय. माणसावर कधी करता येईल, मला माहीत नाही. येईलच असंही सांगता येत नाही.”

बाईचा चेहरा उतरला. मी म्हणाले, “जूनमध्ये शाळेत घाल. औषधाची वाट बघत घरी बसवू नकोस. टोपी, लांब बाह्या, काळा चष्मा, आणि पहिला बाक. अडलं तर मला फोन कर.”

घरी जाताना भाचा गाडी चालवत होता. भाऊ मागं बसला होता आणि झोपल्याचं सोंग करत होता. नारायणगाव मागं पडलं. मग भाचाच म्हणाला, “आत्या, चारचौघांत असं करायला नको होतंस.”

“चारचौघांत तू केलंस. मी आपली उत्तराला उभी राहिले.”

“फोटो न विचारता वापरला, चुकलं माझं. पण मी हे काम कशासाठी निवडलं, तुला माहितीये?”

“सांग.”

“तुझ्या कानावरची गाठ काढली होती ना, तेव्हा मी लहान होतो. तू दवाखान्यातून पट्टी बांधून आलीस आणि दुसऱ्या दिवशी नर्सरीत जाऊन बसलीस. बाबा मागच्या दारी जाऊन रडत होते. डॉक्टर म्हणाले होते, ऊन लागून कॅन्सर झालाय, वेळेत काढला म्हणून बरं. मी तेव्हाच ठरवलं होतं. तुला चूक म्हणायला नव्हतं ठरवलं.”

माझा हात कानाकडं गेला. कानाची पाळी अजून अर्धीच आहे माझी, केसांनी झाकते. भाऊ रडला होता, हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. मागं भावाच्या घोरण्याचं सोंगही बंद पडलं होतं.

मी म्हणाले, “मग मला सरळ सांग. उद्या तुमचं हे काम जमलं, तर माझी नजर सुधारेल?”

“नाही,” तो म्हणाला. “तुझी नाही. डोळ्याचा पडदा पोटात असतानाच घडतो, थोडाफार जन्मानंतर. त्या वेळी रंगद्रव्य नसेल तर तो पुरता घडत नाही. मोठेपणी जनुक बदलून तो पुन्हा घडवता येत नाही. कातडीचं कदाचित काही करता येईल.”

“म्हणजे नजर हवी असेल तर पोटातच करायला पाहिजे.”

“किंवा त्याच्याही आधी, गर्भाचा नुसता ठिपका असतो तेव्हा. आपल्याकडे त्याला बंदी आहे. जगात बहुतेक ठिकाणी आहे. चूक झाली तर ती पुढच्या पिढ्यांतही जाते.”

“आणि तेव्हा विचारणार कोणाला?”

“कोणालाच विचारता येत नाही, आत्या. तोच तर प्रश्न आहे.”

माझी खरी मेख इथंच होती, आणि ती मी त्या दिवशीपर्यंत नीट बघितली नव्हती. मला कातडी बदलून नको. कातडीचा त्रास उन्हापेक्षा माणसांनी जास्त दिला, आणि माणसांचं जनुक बदलायचं यंत्र अजून निघालेलं नाही. पण डोळे? डोळे कोणी दिले असते तर मी घेतले असते. फळा वाचला असता. गाडी चालवली असती. भावाचा चेहरा लांबून येताना बघितला असता. आणि जी गोष्ट मी हात पुढं करून घेतली असती, ती नेमकी मी नसतानाच देता येते. मला विचारायला मी असायला पाहिजे, आणि मी झाले की उशीर झालेला असतो. आणि दिली असती, तर नर्सरीत बसलेली ही बाई झाली असती का? कोणी दुसरीच झाली असती. ती बरी निघाली असती कदाचित. पण तिच्यासाठी मी माझी जागा सोडायला तयार नाही. मी हे गाडीत त्याला सांगितलं. तो म्हणाला, “तू म्हणतेस ते पटतंय. पण ज्या आईच्या पोटात ते मूल आहे, तिला तू काय सांगशील?”

मी म्हणाले, “आईला विचारू.”

आई माझ्याबरोबरच राहते. वय झालंय, ऐकू कमी येतं, पण डोकं शाबूत. मी पोटात असताना तिनं ग्रहण पाहिलं म्हणून अशी पोर झाली, असं तिच्या सासूनं मरेपर्यंत ऐकवलं. त्या रात्रीच्या जेवणाआधी, ती लसूण सोलत बसली होती तेव्हा, भाच्यानं तिला सगळं समजावून सांगितलं. सावकाश, मोठ्यानं. मग मी विचारलं, “आई, मी पोटात होते तेव्हा असा उपाय असता, तर तू केला असतास?”

“केला असता,” ती लगेच म्हणाली.

मला वाटलं, तिला प्रश्न कळला नाही. पुन्हा विचारलं.

“कळलं गं. केलाच असता. खोटं कशाला बोलू? तुला काय, तू तान्ही व्हतीस. बोलनी मी खाल्ली. पान्यावर गेलं तर बाया घागर उचलून बाजूला व्हायच्या. तवा कोनी म्हनलं असतं, की बाई, ही सुई घे आन तुजी पोर चारचौगींसारखी व्हईल, तर म्या दोन सुया घेतल्या असत्या.”

भाच्यानं माझ्याकडं पाहिलं नाही, एवढी समज त्याला होती. मी उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी हलवत राहिले. साऱ्या जगाशी मी भांडले होते ते हिला माझ्या बाजूला धरून.

आई मागून लसणीचं ताट घेऊन आली. “राग आला का?”

“नाही.”

“आला. यिऊ दे. पन तू अर्दंच इचारलंस. तवाचं इचारलंस, आत्ताचं न्हाई इचारलं. आत्ता कोनी सुई घिऊन आला, तर मी त्याला दारात उभा करनार न्हाई. तवा मला तू म्हाईत नव्हतीस. आता म्हाईत हायेस.”

मी खलबत्ता तिच्यापुढं सरकवला. तिनं लसूण ठेचायला घेतला.

पुढं महिनाभरानं भाचा पुन्हा आला. या वेळी कागद घेऊन, मराठीत लिहिलेले. त्याला माझं रक्त हवं होतं, पेशी वाढवून त्यांच्यावर काम करायला. “नाही म्हणालीस तरी चालेल,” म्हणाला. मी प्रत्येक ओळ वाचली. दोन अटी घातल्या. माझा फोटो कुठं लावायचा तर डोळे उघडे ठेवून आणि आधी विचारून. आणि जे काही निघेल ते मला कळेल अशा भाषेत मला आधी सांगायचं. त्यानं दोन्ही अटी हातानं कागदावर लिहिल्या. मी रक्त दिलं.

मग त्यानं तळेघरकडच्या त्या मुलीचा विषय काढला. तिचंही रक्त मिळालं तर बरं होईल, म्हणाला. मी ताडकन नाही म्हणाले. “ती मोठी होऊ दे. स्वतः विचारू दे, मग द्यायचं की नाही ते ठरवेल. तिच्या वतीनं कोणी हो म्हणायचं नाही.”

“तिच्या आईला तरी विचारू,” तो म्हणाला.

त्या बाईला आम्ही फोन केला. मी तिला माझं म्हणणं सांगितलं, बरंच जोर देऊन सांगितलं. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, “ताई, तुमचं तुमी बगा. माज्या पोरीचं मी बगते. तुमाला सगळं निभावून झालं, म्हनून तुमाला औषधाची घाई न्हाई. हिचं समदं पुढं हाये. औषध शोधायचं तर रगत लागनारच की.” आणि भाच्याला म्हणाली, “सायेब, रगत घ्या. पन काय निगालं ते सांगायला पुना वर या. मागं येक जन लगवी तपासायला घिऊन गेला तो परत आलाच न्हाई.”

मला तिचं म्हणणं आवडलं नाही. आजही पुरतं पटलेलं नाही. पण तिच्या मुलीसाठी हो म्हणायचा हक्क माझ्यापेक्षा तिचा जास्त, हे मला गिळावं लागलं. मला कोणी गृहीत धरलेलं चालत नाही, मग मी तरी तिला का धरावं? भाचा दोनदा वर गेला. दुसऱ्या खेपेला त्या मुलीला आणि तिच्या आईला पुण्याला घेऊन गेला, डोळे तपासून घेतले आणि तिला काळा चष्मा आणि वाचायचं भिंग घेऊन दिलं. हे त्याला मी सांगितलं नव्हतं.

जूनमध्ये मुलगी शाळेत गेली. तळेघरच्या बाजूला पावसाळाभर ढग आणि धुकं. सूर्य दिसायचीच मारामार. तिला काही त्रास झाला नाही. पाऊस सरला, भातं पिवळी पडायला लागली, ऊन कडक झालं, आणि मग तिच्या आईचा फोन आला. शाळेत प्रार्थनेला मैदानात उभं करतात, टोपी काढायला लावतात. गणवेशात टोपी नाही. चष्मा पोरांनी ओढला म्हणून तोही घरी ठेवायला सांगितलाय. मुलीच्या नाकाची साल निघाली होती.

मी दुसऱ्याच दिवशी निघाले. मंचरहून घोडेगाव, तिथून वर जाणारी एस.टी. धरली, तळेघरला उतरले आणि तिथून त्या बाईबरोबर शाळेपर्यंत चालत गेले.

मुख्याध्यापक वाईट माणूस नव्हता. त्यानं आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. म्हणाला, “मॅडम, आज हिला टोपीची सूट दिली तर उद्या सगळी टोप्या घालून येतील.”

“येऊ द्या. ऊन सगळ्यांनाच लागतं.”

“तसं नाही. मी म्हणतो, हिला अंधशाळेत घाला ना. तिथं सगळ्या सोयी असतात. मीच चिठ्ठी देतो.”

“हिला दिसतं, सर. मलाही दिसतं.” मी उठले, त्याच्या टेबलावर वाकले, नाक टेकेपर्यंत वाकले, आणि त्याच्यापुढचा कागद मोठ्यानं वाचायला लागले. पोषण आहाराचा हिशेब होता. तांदूळ, मटकी, तेल. त्यानं चटकन कागद ओढून घेतला आणि मग स्वतःच हसला.

“औषध निघणार आहे ना यावर?” तो म्हणाला. “पेपरात वाचलं. जीन बदलतात म्हणे.”

“निघेल तेव्हा निघेल. माझा भाचाच त्यावर काम करतो. पण ते निघेपर्यंत हिनं नाकाची साल काढून घ्यायची का? जीन बदलायला त्याला अख्खी प्रयोगशाळा लागते. तुम्हाला फक्त हो म्हणायचंय.”

त्यानं खिडकीतून मैदानातल्या उन्हाकडं बघितलं. मुलीची आई उभीच होती. ती एवढंच म्हणाली, “सर, टोपी शिवून मी दिली हाये. निळीच हाये, गनवेशाच्या रंगाची.”

“ठीक आहे,” तो म्हणाला. “टोपी चालेल. चष्मा पण. बाक फळ्याजवळ घेतो, खिडकीपासून लांब. वर्गाच्या बाईंना सांगतो मी. आणि चष्म्याला कोणी हात लावला तर मला येऊन सांग गं पोरी.”

मुलगी दाराशी उभी होती. तिनं दप्तरातून टोपी काढली, घातली, आईनं बरोबर आणलेला चष्मा लावला आणि वर्गाकडं निघून गेली. वर्गातून एकाच वेळी दहाबारा पोरांचा ‘ए, मला बघू दे, मला बघू दे’ असा गलका आला, आणि त्यावर तिचा चढा आवाज, “न्हाई देनार.”

आम्ही बाहेर आलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. खाली जाणारी जीप भरून निघून गेली होती आणि पुढची एस.टी. कधी येईल, ते कोणाला सांगता येत नव्हतं. बाईनं माझ्याकडं बघितलं. “ताई, उन्हाचं हितंच बसायचं का? का चालाल?”

“चालते की,” मी म्हणाले. पदर डोक्यावरून घट्ट ओढून घेतला, आणि आम्ही दोघी भाताच्या कडेकडेनं तळेघरच्या वाटेला लागलो.